बंद या शब्दाची बदनामी

मराठीत काही शब्द फार प्रामाणिक आहेत. 'बंद' हा त्यांतला एक. दुकान बंद म्हणजे बंद. मग आतला पंखा फिरताना दिसो, की गल्ल्यावर बसलेला मालक समोर वर्तमानपत्र वाचताना दिसो, गिऱ्हाइकाने मुकाट्याने घरी जायचं असतं. मुंबई बंद म्हणजे बंद; त्या दिवशी रिक्षावाला 'नाही येणार' म्हणायचीसुद्धा तसदी घेत नाही, कारण मुळात तो रस्त्यावर नसतोच. आमच्या लहानपणी वाड्यात दोन बिऱ्हाडांचं 'बोलणं बंद' होई, तेव्हा ते इतकं कडकडीत असे की एका घरचं मांजर दुसऱ्या घरात जात नसे.

मी बँकेत आहे. आमच्या हुद्द्याला आता निरनिराळी भारदस्त नावं आहेत, पण काम कारकुनाचंच. या धंद्यात 'बंद' शब्दाला जेवढी किंमत आहे, तेवढी कित्येकदा तारणालाही नसते. खातं बंद करायला माणूस आला की आम्ही अर्ज घेतो, उरलेले चेक परत घेतो, आजच्या तारखेपर्यंतचं व्याज मोजतो, सही पडताळतो आणि मग खातं बंद करतो. यानंतर ते खातं उघडं सापडलं तर चौकशी बसते. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. दोन्ही फिरल्याशिवाय तिजोरी बंद झाली असं साहेबसुद्धा म्हणू शकत नाही. रोकड जुळल्याशिवाय, शेवटची नोंद मंजूर झाल्याशिवाय शाखेचा दिवस बंद होत नाही. बाहेर अंधार पडला तरी आमच्या कागदोपत्री तो दिवसच असतो.

अशा शिस्तीत वीस वर्षं काढलेल्या माणसाने घरी यावं आणि संगणक बंद करावा, ही नियतीने केलेली क्रूर थट्टा आहे.

आमच्या घरचा संगणक गेल्या गणपतीच्या सुमारास बंद होईनासा झाला. 'चालू होत नाही' अशी तक्रार असली की लोकांना सहानुभूती वाटते. 'बंद होत नाही' म्हटलं की हसतात. वास्तविक दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. न येणारा पाहुणा कुणाला त्रास देत नाही. न जाणारा देतो. रात्री साडेदहाला मी बंद करण्याच्या चित्रावर क्लिक करायचो. पडद्यावर एक गोल फिरायला लागायचं. मग मजकूर यायचा की कुणीतरी एक प्रोग्रॅम बंद होऊ देत नाहीये. कोण, ते नीट नाही! आमच्या शाखेत दिवस बंद होत नसला तर साहेब केबिनबाहेर येऊन गरजतात, "कुणाची एन्ट्री राहिलीय?" आणि अर्ध्या मिनिटात गुन्हेगार नावानिशी सापडतो. इथे मात्र आरोपीच्या जागी चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक टिंब.

माणूस बोलावला. त्याने यंत्राकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

या 'फॉरमॅट मारण्या'बद्दल मला एकदा मनापासून बोलायचं आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. तेरीज जुळली नाही तर काय करायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आधी फरक काढायचा. त्या फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असतात. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसली तर जमेची नोंद नावेवर गेलेली असू शकते. असं एकेक करत माणूस चुकीपर्यंत पोचतो. तेरजेत नऊ रुपयांचा फरक आला म्हणून कीर्द-खतावणीसकट सगळं दप्तर मागच्या अंगणात नेऊन पेटवा आणि उद्यापासून नवं लिहा, असा सल्ला देणारा मुनीम आजवर कुणी पाहिला आहे का? फॉरमॅट मारणं म्हणजे नेमकं हेच. आणि गंमत अशी, की दप्तर जाळणाऱ्याला आपण वर पाचशे रुपये देतो आणि चहा पाजतो.

दुसरा आला तो म्हणाला, पॉवर सप्लाय गेला. अहो, गेला असता तर चालू तरी कसा झाला असता? पण त्याला पॉवर सप्लाय विकायचा होता. ज्याच्या हातात हातोडी त्याला सगळीकडे खिळे दिसतात, ही जुनी गोष्ट. हल्ली ज्याच्या दुकानात खिळे पडून आहेत त्यालाही भिंती दिसतात.

शेवटी चिरंजीवांनी हात घातला. चिरंजीव अकरावीत आहेत आणि शास्त्र शाखेत आहेत, पण रक्त कॉमर्सचं. त्याने संगणकाला जोडलेल्या वस्तू एकेक करून काढायला सुरुवात केली. कॅमेरा काढला, बंद करून पाहिला, नाही. स्पीकर काढले, नाही. प्रिंटरची वायर काढली आणि संगणक आठ सेकंदांत गुपचूप झोपी गेला. हा प्रिंटर आम्ही शाळेच्या प्रकल्पांसाठी घेतला होता. त्याच्याबरोबर एक प्रोग्रॅम आला होता. शाई संपत आली का, हे पाहायला हा गृहस्थ संगणक चालू झाल्यापासून दारात खुर्ची टाकून बसत असे आणि संगणक बंद करायची वेळ झाली की उठायला तयार नसे. महिन्यातून चार कागद छापणाऱ्या घरात शाईवर पहारा! चिरंजीवांनी टास्क मॅनेजर उघडला, त्यातल्या स्टार्टअपच्या यादीत त्याचं नाव शोधलं आणि त्याला कामावरून कमी केलं. प्रिंटर अजूनही छापतो. म्हणजे तो पहारेकरी कुणाचा होता, ते ज्याचं त्याने समजावं.

ही झाली एका घरची गोष्ट. माझं भांडण त्याहून मोठं आहे, आणि ते जरा मागून सांगायला हवं.

एके काळी संगणकाला खरंखुरं बटण होतं. खट्‌ केलं की वीज तुटायची, दिव्याची तुटते तशी. पुढे विंडोज आलं. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं, त्यात बंद करण्यासाठी 'स्टार्ट' नावाच्या बटणापाशी जावं लागे. यावर जगभर इतके विनोद झाले की मी आणखी एक करत नाही. पण त्या काळच्या यंत्रांची एक गोष्ट मला आवडे. आवराआवर झाली की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ते सांगत असे की आता तुम्ही बटण बंद करायला हरकत नाही. काय ही अदब! जेवण झाल्यावर सुनेने 'आता पानं काढू का' विचारावं तशी. आणि शेवटचं खट्‌ मात्र तुमच्या हातात असे.

त्याच १९९५ साली इंटेलने संगणकाची एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. तीत पुढचं बटण वीज तोडेनासं झालं. ते आता फक्त आत निरोप पाठवतं की बाहेरच्या माणसाची बंद करण्याची इच्छा आहे. आतले लोक बसून त्यावर विचार करतात. थोडक्यात, बटण हा हुकूम होता, त्याचा अर्ज झाला. अर्ज नामंजूर झालाच तर चार-पाच सेकंद बटण दाबून धरायचं, म्हणजे सरळ गळा आवळायचा. आणि बंद झाल्यावरसुद्धा, भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर आत थोडी वीज खेळत राहतेच, पुन्हा हाक आली तर ऐकू यावी म्हणून. अमेरिकेत भिंतीवरच्या प्लगला सहसा बटणच नसतं. आपल्याकडे असतं, आणि रात्री निजण्यापूर्वी घरातली सगळी बटणं बंद झाल्याची खात्री करत हिंडणारी एक व्यक्तीही घरोघरी असते. ही यंत्रं ज्यांनी आखली त्यांच्या घरी असं कुणी नसावं.

मी अडाणी नाही. आवराआवरीला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. संगणक पुष्कळशा नोंदी आधी कच्च्या वहीत ठेवतो आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवतो. मधेच वीज तोडली तर कच्च्या वहीतलं गेलं, आणि पक्क्या वहीत अर्धी ओळ राहिली. तेव्हा गोल फिरत असताना भिंतीवरचं बटण बंद करू नये, हे मी स्वतः सोसायटीत दहा जणांना सांगितलं आहे. विंडोज ९८ तर या बाबतीत फार कडक होतं. वीज गेली आणि यंत्र पडलं, तर पुढच्या वेळी आधी डिस्कची तपासणी आणि वर समज, की नीट बंद केलं नाहीत म्हणून ही वेळ आली, यापुढे नीट बंद करत जा. वीज गेली वीज मंडळाची आणि बोलणी खाल्ली आपण! तरी आम्ही ऐकून घेतलं. एका अख्ख्या पिढीने 'नीट बंद करणे' हा संस्कार म्हणून अंगी बाणवला.

आणि मग २०१२ साली विंडोज ८ आलं, आणि ज्यांनी आम्हाला नीट बंद करायला शिकवलं होतं, त्यांनीच नीट बंद करणं सोडून दिलं.

हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. हे त्यांनीच जाहीर केलेलं आहे. या सोयीचं नाव 'फास्ट स्टार्टअप'. सकाळी संगणक लवकर चालू व्हावा म्हणून रात्री तो पुरता बंदच करायचा नाही, अशी ही युक्ती. तुम्ही 'शट डाउन' म्हटलंत की तुमचे कागद आवरले जातात, तुम्हाला घराबाहेर काढलं जातं, पण घराचा जो गाभा आहे तो जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा मांडला जातो. म्हणजे कालची जळमटंसुद्धा जागच्या जागी. विंडोज १० आणि ११ मध्येही ही सोय आहे, आणि बऱ्याच यंत्रांवर ती तुम्हाला न विचारता सुरू असते. मग खरोखर बंद होऊन ताजंतवानं व्हायचं असेल तर काय करायचं? तर 'रीस्टार्ट' करायचं. नीट वाचा. 'बंद करा' म्हटलं तर तो बंद होत नाही. 'पुन्हा चालू करा' म्हटलं तर मात्र आधी पूर्ण बंद होतो.

पटत नसेल तर तुमच्या घरी विंडोज असेल त्यावर पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात सीपीयू. खाली 'अप टाइम' असा एक आकडा असतो, यंत्र किती वेळ जागं आहे त्याचा. ही सोय चालू असेल आणि तुम्ही रोज रात्री इमानेइतबारे बंद करत असाल, तरी तिथे दिवसांचे दिवस दिसतील.

यात एक मोठी हानी झाली. जगात संगणकावर एकच उपाय असा होता जो साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना येत होता: बंद करून पुन्हा चालू करा. आमच्या बँकेची मदत-वाहिनी दुसरं काही सांगतच नाही. आजीबाईच्या बटव्यातल्या सुंठीसारखा हा उपाय. निम्मे आजार त्यानेच जात. आता ती सुंठही भेसळीची निघाली. माणूस बंद करतो, चालू करतो, आजार कायम. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आजार कायम. मग तो 'काका, फॉरमॅट' वाल्याला बोलावतो.

ही सोय काढता येते, असं त्यांचे वकील म्हणतील. येते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जायचं, तिथे पॉवरच्या बटणाने काय करावं असा एक दुवा असतो, त्यावर क्लिक करायचं. आत गेलं की फास्ट स्टार्टअपची खूण दिसते, पण ती फिकट; हात लागत नाही. वर एक ओळ असते, तिचा मराठीत अर्थ असा की 'सध्या उपलब्ध नसलेल्या गोष्टी बदला'. सरकारी कचेऱ्यांत मी पुष्कळ पाट्या वाचल्या आहेत, पण जे उपलब्ध नाही ते बदलण्याची खिडकी अजून कुठे पाहिली नाही. त्या ओळीवर क्लिक केलं की खूण ठळक होते, ती काढायची आणि जतन करायचं. दुसरा मार्ग सोपा आहे: 'शट डाउन'वर क्लिक करताना शिफ्टचं बटण दाबून ठेवायचं. मग मात्र तो निमूटपणे पूर्ण बंद होतो. जे काम सरळ मागून होत नाही ते बाजूने थोडं दाबल्यावर होतं! चहापाणी कशाला म्हणतात, ते आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

दुसरा एक पर्याय होता, 'अपडेट करा आणि बंद करा'. रात्री हा निवडून माणूस झोपायला जायचा आणि पाहावं तर यंत्र अपडेट करून पुन्हा चालू होऊन बसलेलं. ही तक्रार लोक वर्षानुवर्षं करत होते. २०२५ च्या अखेरीस विंडोज ११ साठी त्यावर दुरुस्ती निघाली. 'बंद करा' म्हटल्यावर बंद व्हावं, ही सुधारणा म्हणून जाहीर करण्याची वेळ कुठल्या पंख्याच्या किंवा मिक्सरच्या कंपनीवर आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. सकाळी लवकर चालू होण्याची हौस असेल तर खुशाल असू द्या. जुन्या फिरत्या डिस्कवर तिचा खरोखर फायदा होता. आता बहुतेक नव्या यंत्रांत एसएसडी असते आणि वाचतात ती काही सेकंदं. पण ती सेकंदं वाचवायची असतील तर त्या बटणाला दुसरं नाव द्या. 'निजा' म्हणा, 'पडून राहा' म्हणा, 'साहेब फिरतीवर' म्हणा. मी खातं गोठवतो तेव्हा 'बंद केलं' असं लिहीत नाही. लिहिलं तर माझी नोकरी जाईल. तुमची का जात नाही?

यावर लोक म्हणतात, "एवढं काय त्यात? झाकण मिटा आणि सोडून द्या." हे तरुण लोक. त्यांनी आयुष्यात काहीच कधी पुरतं बंद केलेलं नाही. मला चिंता त्यांची नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांची आहे.

नाना निवृत्त शिक्षक. मुलगी परदेशात. रविवारी तिच्याशी पडद्यावर बोलता यावं म्हणून तिनेच त्यांना संगणक घेऊन दिला. नानांचा संगणक रात्री बंद केला की पडदा काळा होतो, पण डब्यातला पंखा घरघरत राहतो आणि दिवा जळत राहतो. कधी दोन मिनिटं, कधी पाऊण तास. नाना टेबलापाशी उभे राहतात. बसत नाहीत, कारण बसलं की डोळा लागतो. दिवा गेला की भिंतीवरचं बटण बंद करून मग अंथरुणाला पाठ टेकतात. दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "आजोबा, तुम्ही नीट बंद करत नाही, म्हणून होतं." छत्तीस वर्षं मुलांना 'वह्या नीट बंद करून ठेवा' सांगत आलेल्या माणसाला हे सांगितलं. नानांनी त्यानंतर एका वहीत पायऱ्या लिहून काढल्या. पहिली, दुसरी, तिसरी. रोज रात्री चष्मा लावून वही समोर ठेवतात आणि एकेक पायरी करतात, पूजेची पोथी वाचावी तशी. पंखा तरी घरघरतोच. आणि मग ते स्वतःशीच म्हणतात की आज कुठली तरी पायरी चुकली.

मला राग येतो तो याचा. यंत्र अर्धवट वागणार आणि अपराधी वाटणार सत्तरीतल्या माणसाला, त्याच्याच घरात, त्याच्याच विजेच्या बिलावर!

मी आणि चिरंजीव एका संध्याकाळी वर गेलो. ती फिकट खूण ठळक करून काढली, आणि यंत्राच्या बोर्डाचं जे जुनं सॉफ्टवेअर होतं तेही बोर्डाच्या कंपनीकडून नवं आणून घातलं. मग नानांनाच बंद करायला सांगितलं. त्यांनी वही उघडली, पायऱ्या केल्या. पडदा गेला, पंखा थांबला, दिवा गेला. नाना तरीही उभेच होते.

"झालं नाना," मी म्हटलं.

"अरे, पण मी आज वेगळं काय केलं?"

"काहीच नाही. तुमचं पहिल्यापासून बरोबरच होतं."

ते काही बोलले नाहीत. वही मिटून त्यांनी खणात ठेवली आणि आम्हाला लाडू दिले. आता त्यांचा संगणक सकाळी चालू व्हायला दीड-दोन मिनिटं घेतो, कारण डिस्क जुनी आहे. तेवढ्या वेळात ते खाली जाऊन दूध घेऊन येतात.